समीक्षेचा इतिहास : ग्रंथ लिहिले गेले कधी आणि वाचले गेले कधी

पाठभेद (धागाकर्ता)

साहित्यसमीक्षेचा इतिहास शिकवताना आपल्याकडे बहुधा दोन सरळ रेषा आखल्या जातात. एका रेषेवर प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, होरेस, लाँजायनस, सिडनी, ड्रायडन, जॉन्सन, कोलरिज, आर्नल्ड, एलियट आणि त्यांच्यापुढे संरचनावादी. दुसरीवर भरत, भामह, दंडी, वामन, आनंदवर्धन, अभिनवगुप्त, मम्मट, विश्वनाथ आणि जगन्नाथ. नावे काळाच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे प्रत्येक जण आपल्या आधीच्याला उत्तर देत होता आणि विचार पायरीपायरीने वर चढत गेला, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. माझे म्हणणे असे की ग्रंथ लिहिले गेले तो एक क्रम आहे आणि ते वाचले गेले तो दुसराच आहे, आणि समीक्षेच्या विचाराला जी मोठी वळणे मिळाली, ती बहुतेक वेळा या दुसऱ्या क्रमाने मिळाली आहेत. यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सर्वांत ठळक उदाहरण अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातला हा छोटासा ग्रंथ आज पाश्चात्त्य समीक्षेचा पाया मानला जातो; पण लॅटिन वाचणाऱ्या युरोपला तो कित्येक शतके जवळजवळ ठाऊकच नव्हता. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी त्याचे सिरियाक भाषांतरावरून अरबीत भाषांतर केले. त्या आधारे बाराव्या शतकात स्पेनमधल्या इब्न रुश्द यांनी भाष्य लिहिले. इब्न रुश्द असामान्य बुद्धीचे तत्त्वज्ञ होते, परंतु त्यांच्यासमोर ग्रीक रंगभूमी नव्हती, आणि रंगभूमीच समोर नसेल तर शोकांतिका म्हणजे काय, हे कोणाला कळणार? त्यांनी शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखांतिका म्हणजे निंदाकाव्य असा अर्थ लावला आणि उदाहरणे अरबी कवितेतली दिली. १२५६ मध्ये टोलेडो येथे हर्मान नावाच्या भाषांतरकाराने हे भाष्य लॅटिनमध्ये आणले. पुढे १२७८ मध्ये मोर्बेकच्या विल्यमने थेट ग्रीकवरून लॅटिन भाषांतर केले, तरी ते फारसे कोणी वाचले नाही. चांगल्याची स्तुती करून आणि वाइटाची निंदा करून कविता लोकांना वळण लावते, ही त्या काळाची धारणा होती. ज्या पाठाने त्या धारणेला बळ दिले तो पाठ चालला, आणि मुळाशी प्रामाणिक असलेला पाठ कपाटात राहिला.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. १४९८ मध्ये व्हाल्ला यांचे लॅटिन भाषांतर आले, १५०८ मध्ये व्हेनिसला मूळ ग्रीक संहिता छापली गेली, १५४८ मध्ये रोबोर्तेल्लो यांचे भाष्य प्रसिद्ध झाले. १५७० मध्ये कास्तेल्वेत्रो यांनी काल, स्थल आणि कृती या तीन एकतांचा नियम (नाटक एका दिवसात, एका ठिकाणी आणि एकाच कथानकात घडावे असा) ठामपणे मांडला आणि तो अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर रूढ झाला. अ‍ॅरिस्टॉटलने आग्रह धरला आहे तो फक्त कृतीच्या एकतेचा. कालाविषयी शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात सामावण्याचा प्रयत्न करते एवढे निरीक्षण आहे, आणि स्थलाच्या एकतेचा तर तेथे नियमच नाही. असे असूनही १६३७ मध्ये फ्रान्समध्ये कोर्नेय यांच्या ‘ल सिद’ या नाटकावर वादळ उठले, कार्डिनल रिशल्यूच्या पुढाकाराने फ्रेंच अकादमीला त्यात निवाडा द्यावा लागला, आणि १७६५ मध्ये डॉ. जॉन्सन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांना लिहिलेल्या प्रस्तावनेत काल आणि स्थल यांच्या एकतांचे ओझे उतरवून ठेवीपर्यंत इंग्लंडमध्येही त्या नियमाचा दरारा होता. मूळ ग्रंथात नसलेल्या नियमाने दोन शतके नाटके मोजली गेली.

भारतीय बाजूचे उदाहरण मला अधिक जिव्हाळ्याचे वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रातले रससूत्र रस कसा निष्पन्न होतो ते सांगते. त्याचे जे चार अर्थ आपण शिकतो, म्हणजे भट्ट लोल्लटाचा उत्पत्तिवाद (रस उत्पन्न होतो), श्रीशंकुकाचा अनुमितिवाद (त्याचे अनुमान होते), भट्टनायकाचा भुक्तिवाद (त्याचा भोग घेतला जातो) आणि अभिनवगुप्तांचा अभिव्यक्तिवाद (तो व्यक्त होतो), त्यांतल्या पहिल्या तिघांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. ते आपल्याला कळतात ते अभिनवगुप्तांनी त्यांचे खंडन करताना केलेल्या मांडणीतून. आणि खुद्द अभिनवगुप्तांची ‘अभिनवभारती’ ही नाट्यशास्त्रावरची टीका काश्मीरमध्ये साधारण इ. स. १००० च्या सुमारास लिहिली गेली, तरी ती टिकली दक्षिणेतल्या मोजक्या हस्तलिखितांत, आणि तिचा पहिला खंड रामकृष्ण कवी यांच्या संपादनाने बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेत १९२६ मध्ये छापला गेला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत नाट्यशास्त्राची संहिता १८९४ मध्ये छापली होती, पण ती टीकेविना. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पंडितांना रस कळला तो मुख्यतः मम्मट, विश्वनाथ आणि जगन्नाथ यांच्याकडून. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या चौथ्या उल्लासात चारही मते इतकी आटवून दिली आहेत की मुळातला वाद, त्यातली शंका-समाधाने, प्रतिपक्षाला दिलेला पूर्ण अवसर, हे सारे त्यात हरवते. रसविचार म्हणजे स्थायिभाव (मनातले कायमचे भाव), विभाव (त्यांची कारणे) आणि अनुभाव (त्यांची बाह्य लक्षणे) यांची वर्गवारी आणि कवितेला चिकटवायची नावे, हा जो आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला, त्याचे एक कारण मला हेच वाटते की आपल्या हाती आधी निष्कर्ष आले आणि युक्तिवाद फार उशिरा आला.

रंगपीठ

लेख फार आवडला. नाटकाच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

तीन एकतांच्या संदर्भात सिडनीचा उल्लेख व्हायला हवा, कारण त्याचे उदाहरण तुमच्या मुद्द्याला नेमके लागू पडते. रंगमंचाच्या एका बाजूला आशिया आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिका दाखवणाऱ्या इंग्रजी नाटकांवर त्याने ताशेरे ओढले ते १५८० च्या आसपास. त्याचा मृत्यू १५८६ मध्ये झाला आणि कवितेच्या समर्थनाचा तो निबंध छापला गेला १५९५ मध्ये. ज्या नाटकांवर त्याने टीका केली ती आज कोणी वाचत नाही. पण निबंध लोकांच्या हाती पडला तेव्हा लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअर उभा होता आणि पुढे ‘द विंटर्स टेल’मध्ये तो दोन अंकांच्या मध्ये सोळा वर्षे घालवणार होता.

आता आपल्याकडचे पाहा. नाट्यशास्त्रातही कालाचा नियम आहे. एका अंकात एका दिवसातले प्रसंग असावेत, आणि दोन अंकांच्या मधल्या काळात महिना किंवा वर्ष जावे, पण वर्षाहून अधिक कधीही जाऊ नये, असे भरत सांगतो. तरी भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या मध्ये बारा वर्षे जातात आणि त्या बारा वर्षांवाचून ते नाटक उभेच राहू शकत नाही, कारण लव आणि कुश मोठे व्हायला हवेत. स्थलाच्या बाबतीत तर भरताने रंगपीठाचे कक्ष कल्पिले आहेत. नट एका कक्षातून दुसऱ्या कक्षात गेला, चार पावले फिरला, की स्थळ बदलले. ही सोय ज्या रंगभूमीला होती, तिला स्थलाच्या एकतेचा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. समीक्षेतला नियम हा पुष्कळदा एखाद्या विशिष्ट रंगमंचाच्या बांधणीतून येतो आणि मग तो सर्व काळांसाठी असल्यासारखा बोलू लागतो, हे तालमीत उभे राहिल्यावर चटकन लक्षात येते.

दुसरी गोष्ट कथार्सिसची, म्हणजे भावनांच्या विरेचनाची. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या व्याख्येत, सहाव्या प्रकरणात, करुणा आणि भय यांच्याद्वारे होणाऱ्या विरेचनाचा उल्लेख केला आणि त्याचे स्पष्टीकरण दिलेच नाही. ‘राजनीती’ या ग्रंथाच्या आठव्या भागात तो म्हणतो की याविषयी काव्यावरच्या विवेचनात अधिक स्पष्टपणे सांगेन. पण उपलब्ध संहितेत ते नाही, आणि काव्यशास्त्राचा सुखांतिकेवरचा भागही हरवलेला आहे. त्या रिकाम्या जागेत लेसिंगने १७६७ ते १७६९ या काळात नैतिक अर्थ भरला, तर १८५७ मध्ये बेर्नेस यांनी वैद्यकीय अर्थ भरला. पाश्चात्त्य समीक्षेतला इतका मोठा वाद एका न सापडलेल्या उताऱ्याभोवती फिरतो.

औदुंबर

मला येथे थोडी हरकत नोंदवायची आहे. धाग्यातली माहिती मान्य आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पुरता पटत नाही. ग्रंथ कधी सापडला, कोणी छापला, कोठे दडून राहिला, यावर इतका भर दिला तर विचाराचा इतिहास योगायोगांचा इतिहास होऊन बसतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात कवितेवर आरोपपत्र ठेवले आणि त्याच ठिकाणी कवितेच्या चाहत्यांना आव्हान दिले की तिच्या वतीने गद्यात बाजू मांडा, ती केवळ सुखद नाही तर राज्याला आणि माणसाच्या जीवनाला उपकारकही आहे हे सिद्ध करा, आम्ही आनंदाने ऐकू. अ‍ॅरिस्टॉटलपासून शेलीपर्यंत जे कोणी बोलले ते या आव्हानाला उत्तर म्हणूनच बोलले. अ‍ॅरिस्टॉटलचा ग्रंथ हाती नसतानाही हा प्रश्न जिवंत होता. प्रश्नांना स्वतःची एक ओढ असते.

आनंदवर्धनाचे उदाहरण घ्या. नवव्या शतकात काश्मीरच्या अवंतिवर्म्याच्या काळात त्याने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा म्हणून मांडला. त्याच्या आधी भामह, दंडी, उद्भट आणि वामन यांनी अलंकार, गुण आणि रीती यांची बारीक चिकित्सा केलेली होती. पण शब्द एक सांगतात आणि रसिकाला दुसरेच कळते, हे कसे घडते, या प्रश्नाला त्या चिकित्सेत उत्तर नव्हते. आनंदवर्धनाने व्याकरणशास्त्रातली स्फोटाची (उच्चारलेल्या ध्वनींतून अर्थ प्रकटतो ही) कल्पना आणि मीमांसकांचा अभिधा-लक्षणेचा (शब्दाच्या सरळ आणि लाक्षणिक अर्थशक्तींचा) विचार समोर ठेवून व्यंजना या तिसऱ्या, सूचक शक्तीची आवश्यकता सिद्ध केली. यात हस्तलिखिताच्या नशिबाचा काय संबंध? हे शुद्ध वैचारिक बळ आहे.

आणि मराठी वाचकाला त्यात एक विशेष आनंद आहे. वाच्य (शब्दांनी सांगितलेला) अर्थ विधीचा आणि व्यंग्य (सुचवलेला) अर्थ निषेधाचा, हे दाखवण्यासाठी ‘ध्वन्यालोका’त जी गाथा दिली आहे ती महाराष्ट्री प्राकृतातली, हालाच्या ‘गाहा सत्तसई’तली आहे:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ तेण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

धार्मिका, आता निर्धास्त हिंड. तो कुत्रा आज गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने मारला. संकेतस्थळी फुले तोडायला येणाऱ्या साधूला ती बाई हिंड म्हणते, आणि त्यातून कळते ते मात्र ‘इकडे फिरकू नकोस’ हे. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कसा जाईल? महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनिमताचे खंडन करताना हीच गाथा घेतली आणि हे तर निव्वळ अनुमान आहे, निराळी शक्ती मानण्याचे कारण नाही, असे म्हटले. अर्थाच्या सिद्धांताची एवढी मोठी लढाई गोदावरीच्या काठावरच्या एका बाईच्या बोलण्यावर लढली गेली.

पाठभेद (धागाकर्ता)

औदुंबर, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि गाथेबद्दल मनापासून आभार. प्रश्नांना स्वतःची ओढ असते हे मलाही मान्य आहे. माझा मुद्दा उत्तरांबद्दल आहे. प्रश्न टिकतो, पण त्याचे कोणते उत्तर हाताशी आहे यावर पुढच्या पिढीचा विचार कोठून सुरू होतो हे ठरते.

भट्टनायकाकडे पाहा. लोल्लट आणि शंकुक यांचा वाद मुख्यतः रस कोठे असतो याबद्दल होता: रामात की रामाची भूमिका करणाऱ्या नटात? शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातल्या घोड्याला आपण खरा घोडा म्हणत नाही, खोटाही म्हणत नाही, घोड्यासारखा की घोडाच अशी शंकाही घेत नाही. ही प्रतीती या साऱ्यांहून वेगळी असते. तसा नट हा राम. हा दृष्टान्त आजही ताजा वाटतो. परंतु चर्चेचे केंद्र प्रेक्षकाकडे निर्णायकपणे नेले ते भट्टनायकाने. त्याने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगभूमीवरची सीता ही कोण्या एका रामाची पत्नी उरत नाही, तिचे दुःख माझे किंवा परक्याचे राहत नाही, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. अभिनवगुप्तांनी त्याच्या भावकत्व (भाव सर्वसाधारण करणारी) आणि भोजकत्व (त्यांचा आस्वाद देणारी) या शक्ती नाकारल्या, पण साधारणीकरण मात्र स्वीकारले आणि त्यावर आपली इमारत उभी केली. भट्टनायकाचा ‘हृदयदर्पण’ हाती असता तर आज रससिद्धांताशी पहिले नाव कोणाचे जोडले गेले असते, हा प्रश्न मला फार काळ छळत आला आहे.

‘अभिनवभारती’च्या हस्तलिखितांची अवस्थाही फार वाईट होती. सातव्या अध्यायावरची, म्हणजे भावाध्यायावरची टीका आरंभीचा थोडा भाग सोडता मिळतच नाही. रससूत्रावरच्या भागाची शुद्धी करता आली ती बऱ्याच अंशी बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांमुळे. या जैन पंडितांनी गुजरातेत ‘काव्यानुशासन’ लिहिताना अभिनवगुप्तांचा तो उतारा जवळजवळ जसाच्या तसा उतरवून घेतला होता. १९५६ मध्ये रानिएरो न्योली यांनी रोमहून त्या भागाची संहिता आणि भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा हेमचंद्रांचा पाठ त्यांना फार उपयोगी पडला. एका धर्मपरंपरेच्या पंडिताने दुसऱ्या परंपरेच्या आचार्याला किती आदराने वाचले होते, हे त्यातून दिसते.

गोदातीर

काश्मीर ते महाराष्ट्र या वाटेबद्दल मला बरेच दिवस लिहायचे होते.

‘ज्ञानेश्वरी’च्या अकराव्या अध्यायाचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. विश्वरूपदर्शनाची कथा दोन रसांची आहे असे सांगून ज्ञानदेव म्हणतात: ‘जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा । आणि येरांही रसां पांतीकरां । जाहला मानु ॥’ शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे आणि बाकीच्या रसांनाही त्याच्या पंगतीचा मान मिळाला आहे. हे केवळ सुंदर रूपक नाही. भरताच्या मूळ गणनेत रस आठच आहेत. शांत हा नववा रस म्हणून मानावा की नाही यावर काश्मिरात मोठा वाद झाला, आणि शांत हाच सर्व रसांच्या मुळाशी आहे ही भूमिका अभिनवगुप्तांनी हिरिरीने मांडली. ज्ञानदेवांच्या ओवीत शांत हा यजमान आहे आणि इतर रस त्याच्या पंगतीला बसलेले आहेत. इ. स. १२९० मध्ये नेवाशात ही मांडणी इतक्या सहजपणे कशी आली?

या वाटेवरचा एक टप्पा आपल्याला निश्चित माहीत आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे आजोबा भास्कर तेथून दक्षिणेत आले. ‘संगीतरत्नाकरा’च्या पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव भरताच्या टीकाकारांची यादी देतो: ‘व्याख्यातारो भारतीये लोल्लटोद्भटशङ्कुकाः । भट्टाभिनवगुप्तश्च श्रीमत्कीर्तिधरः परः ॥’ आणि सातव्या, नर्तनाच्या अध्यायात तो शांतासह नऊ रसांचे विवेचन करतो. म्हणजे नेवाशाहून फार दूर नसलेल्या राजधानीत, ज्ञानदेवांच्या आधी काही दशके, अभिनवगुप्तांचे नाव आणि मत जाणणारा ग्रंथकार बसलेला होता. यावरून ज्ञानदेवांनी तोच ग्रंथ वाचला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण यादवांच्या राज्यात या विचाराचा वारा होता एवढे खात्रीने म्हणता येते.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. संस्कृत पंडितांनी शांताची चर्चा नाटकाच्या संदर्भात केली, आणि ज्यात कृतीच शमते अशा भावाचा अभिनय कसा करायचा, या अडचणीवर ते वारंवार येत राहिले. ज्ञानदेवांनी तो रस नाट्यगृहातून उचलून श्रोत्यांच्या सभेत, मराठीत आणला, आणि तेथे ती अडचणच उरली नाही. समीक्षेच्या इतिहासात ज्ञानदेवांचे नाव कोणी घेत नाही, कारण त्यांनी शास्त्रग्रंथ लिहिला नाही. पण ‘ज्ञानेश्वरी’त श्रोता, वक्ता, रस आणि देशी भाषेचे सामर्थ्य यांबद्दल जे ठायी ठायी आले आहे, ते एकत्र केले तर मराठीतली पहिली काव्यमीमांसा हाती लागेल अशी माझी श्रद्धा आहे.

कृष्णाकाठ

विसाव्या शतकातही धागाकर्त्यांचे सूत्र तितकेच खरे ठरते, किंबहुना अधिकच.

स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर १९१३ मध्ये वारले. ज्या पुस्तकामुळे संरचनावाद, म्हणजे अर्थ घटकांच्या परस्परसंबंधांतून घडतो हा विचार, जन्माला आला ते त्यांनी लिहिलेलेच नाही, सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध करून १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. श्क्लोव्हस्कींनी परिचिताला अपरिचित करणे हे कलेचे कार्य असल्याचे १९१७ मध्ये रशियात मांडले. फ्रेंच वाचकांना रशियन रूपवाद्यांचे (साहित्याच्या रूपावर भर देणाऱ्या समीक्षकांचे) हे लेखन मोठ्या प्रमाणावर मिळाले ते १९६५ मध्ये, तोदोरोव्ह यांच्या संकलनातून. रशियन विचारवंत बाख्तिन यांचे दस्तयेवस्कीवरचे पुस्तक १९२९ चे, पण ते पुन्हा वाढवून आले १९६३ मध्ये. राब्लेवरचा प्रबंध त्यांनी १९४६ मध्ये सादर केला आणि तो ग्रंथरूपाने निघाला १९६५ मध्ये. मग क्रिस्तेव्हा यांनी त्यांना पॅरिसच्या वर्तुळात नेले. त्यामुळे स्टालिनच्या काळात, हद्दपारीत आणि उपेक्षेत घडलेला विचार पश्चिमेला एकदम नवा, साठच्या दशकाचा म्हणून भेटला आणि संरचनावादाच्या पुढची पायरी समजला गेला.

फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदांचेही असेच. १९६६ च्या ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अमेरिकेला संरचनावादाची ओळख करून देण्यासाठी परिषद भरली, आणि त्याच परिषदेत देरिदांनी संरचनेच्या केंद्राच्या कल्पनेलाच आव्हान देणारा निबंध वाचला. अमेरिकेच्या इंग्रजी विभागांना सिद्धांत आणि त्याचे खंडन एकाच वेळी मिळाले. बार्त यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंधही फ्रेंचच्या आधी, १९६७ मध्ये, इंग्रजी भाषांतरात छापला गेला.

आणखी एक सांगावेसे वाटते. १९४६ मध्ये विम्सट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी लेखकाचा हेतू हा कवितेच्या मूल्याचा निकष नाही असे म्हटले, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते फार धक्कादायक वाटले. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त वाचलेल्याला तो धक्का का बसावा? कवीच्या चरित्रात शिरून कवितेचा अर्थ शोधण्याची सवय आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शिक्षणाने लावली होती. ज्या परंपरेने चर्चा रसिकाच्या अनुभवावर आणून ठेवली, तिच्यात कवीचे चरित्र हा मुद्दाच नव्हता.

पाणवठा

आतापर्यंतचे सारे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. एका गोष्टीवर कोणीच थांबलेले नाही. ग्रंथ वाचले गेले, असे आपण म्हणतो. ते वाचले कोणी?

अभिनवगुप्तांनी ‘ध्वन्यालोका’वरच्या ‘लोचन’ या टीकेत सहृदयाची, म्हणजे जाणत्या रसिकाची, व्याख्या केली आहे. काव्याच्या अनुशीलनाने आणि अभ्यासाने ज्यांचा मनरूपी आरसा स्वच्छ झालेला आहे आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्यात आली आहे, ते सहृदय. व्याख्या सुंदर आहे यात शंका नाही. पण हे अनुशीलन करण्याची मुभा कोणाला होती? अक्षरओळखच ज्यांना नाकारली गेली, त्यांचा आरसा मलिन ठरवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला आणि ‘घालमोड्या दादां’च्या, म्हणजे उच्चवर्णीय ग्रंथकारांच्या, ग्रंथांत आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, हे स्पष्ट सांगितले. माझ्या मते ते पत्र मराठी समीक्षेतला एक मूलभूत दस्तऐवज आहे, कारण त्याने साहित्य चांगले की वाईट या प्रश्नाच्या आधी ते कोणाचे, हा प्रश्न उभा केला.

शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ मध्ये आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ मध्ये आले. आनंद हे कलेचे प्रयोजन मानणारे सौंदर्यशास्त्र, वेदना आणि विद्रोह यांतून जन्मलेल्या साहित्याला पुरे पडत नाही, ही लिंबाळे यांची भूमिका आहे. वस्तीवरचा अत्याचार वाचून वाचकाने अस्वस्थ व्हावे, हे लेखनाचे इष्ट असेल, तर त्या अनुभवाचे साधारणीकरण होऊन तो आस्वाद्य होणे हा गुण की दोष? सीतेचे दुःख कोणा एकाचे उरत नाही म्हणून ते आस्वाद्य होते, असे वर म्हटले आहे. दलित आत्मकथनातले दुःख कोणाचे तरी उरलेच पाहिजे, नाहीतर त्या लेखनाचा अर्थच जातो.

औदुंबर

पाणवठा, तुमच्या प्रश्नाला बचावाचे उत्तर देऊ नये असे मला वाटते, इतका तो थेट आहे. एवढेच नोंदवतो की या प्रश्नाची चाहूल मराठी सौंदर्यशास्त्रात वेगळ्या वाटेने लागलेली होती. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलेची स्वायत्तता उभारली. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलेकडे पाहण्याच्या लौकिकतावादी (कला जीवनाशी जोडणाऱ्या) आणि अलौकिकतावादी (कला स्वायत्त मानणाऱ्या) अशा दोन ध्रुवांची मांडणी करून दाखवले की आपला कलाव्यवहार या दोहोंमध्ये हेलकावत राहतो आणि एकाच ध्रुवावर सारे साहित्य बसवता येत नाही. तुमचा आग्रह लौकिकाच्या ध्रुवावरचा आहे आणि रससिद्धांत बहुतांशी दुसऱ्या ध्रुवावरचा आहे.

पाठभेद (धागाकर्ता)

पाणवठा यांच्या प्रतिसादाने धाग्याचा विषय मी मांडला होता त्याहून खोल गेला आहे. हस्तलिखित कोठे टिकले आणि कोणत्या छापखान्यात आले, हा वाचनक्रमाचा एक भाग झाला; कोणाला ते हाती धरू दिले गेले, हा त्याच इतिहासाचा दुसरा आणि अधिक कठोर भाग आहे.

औदुंबर यांनी दाखवलेले दोन ध्रुव उपयोगाचे आहेत, पण मला वाटते की या प्रश्नाचे बीज नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातच आहे. तेथे देव ब्रह्मदेवाकडे जाऊन मागणी करतात ती अशी: वेदांचा व्यवहार शूद्रांना ऐकवता येत नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी असा दुसरा, पाचवा वेद निर्माण कर. ‘पञ्चमं सार्ववर्णिकम्’ हे त्या श्लोकातले शब्द आहेत. त्या एकाच श्लोकात बहिष्कारही नोंदलेला आहे आणि तो ओलांडण्याची इच्छाही. नाट्य सर्वांसाठी झाले. नाट्याची मीमांसा मात्र पाठशाळेत राहिली. आठव्या-नवव्या शतकापासून चर्चा जसजशी नाटकाकडून काव्याकडे आणि प्रेक्षकगृहाकडून पोथीकडे सरकली, तसतसा प्रेक्षक जाऊन त्याच्या जागी सहृदय आला. भरताचा प्रेक्षक ओरडतो, हसतो, रडतो. नाट्यशास्त्राच्या सिद्धिप्रकरणात मानुषी सिद्धीच्या, म्हणजे प्रयोग माणसांना भावल्याच्या, खुणा म्हणून हे सारे नोंदले आहे. अभिनवगुप्तांचा सहृदय यातले फारसे काही करताना दिसत नाही.

साधारणीकरणाबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तेथे रससिद्धांत खरोखरच अपुरा पडतो आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. करुण रसाच्या चर्चेत ज्याचे दुःख आहे तो प्रेक्षकगृहात बसलेला असेल, ही शक्यताच गृहीत धरलेली नाही. लिंबाळे यांच्या आणि शरद पाटील यांच्या पुस्तकांवर येथे कोणी सविस्तर लिहिणार असेल, तर त्याच्या शेजारी रा. पं. कंगले यांचे ‘रस-भाव-विचार’ आणि विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये मराठीत आणलेले अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र उघडून ठेवावे, म्हणजे तिन्ही बाजूंचे मूळ युक्तिवाद समोर ठेवून बोलता येईल. गोदातीर यांनी ‘ज्ञानेश्वरी’तल्या श्रोता-वक्ता संवादावर स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती करतो, कारण ज्या सभेत ती ओवी म्हटली गेली, त्या सभेतला श्रोता हा सहृदयाच्या व्याख्येत बसतो की भरताच्या प्रेक्षकाच्या जवळचा आहे, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.